ना मांडी, ना स्टूल

काही अल्बमना धड नावसुद्धा मिळत नाही. 'लाइव्ह अ‍ॅट द रॉयल फेस्टिव्हल हॉल' हे नाव कमी आणि पत्ता जास्त आहे. २७ नोव्हेंबर १९८९ला लंडनमध्ये, थेम्सच्या काठावरच्या त्या सभागृहात तिघांनी वाजवलं, ते रेकॉर्ड झालं आणि १९९०मध्ये जेएमटी नावाच्या जर्मन लेबलने बाजारात आणलं. सहा ट्रॅक, एक तास आणि थोडी मिनिटं. कव्हरवर 'जॉन मॅकलॉफ्लिन ट्रिओ'. गिटारवर मॅकलॉफ्लिन, बासवर काई एकहार्ट आणि तालवाद्यांवर मुंबईचा त्रिलोक गुर्टू.

मॅकलॉफ्लिनचं नाव ज्यांना माहीत आहे त्यांनाही हा अल्बम पटकन आठवत नाही. यात नवल नाही. त्याच्या कारकिर्दीत डोंगरच इतके आहेत की मधली टेकडी दिसत नाही. माइल्स डेव्हिसबरोबरची १९६९ची रेकॉर्डिंग्ज, मग महाविष्णू ऑर्केस्ट्राचा विजेसारखा कडकडाट, मग झाकीरभाई आणि एल. शंकर यांच्याबरोबरचं 'शक्ती'. लाइव्ह अल्बम म्हटलं की सगळे 'फ्रायडे नाइट इन सॅन फ्रान्सिस्को'चं नाव घेतात. पाको दे लुसिया, अल दि मिओला आणि मॅकलॉफ्लिन, तीन गिटारी आणि वेड लागलेलं पब्लिक. डिसेंबर २०२४मध्ये झाकीरभाई गेले तेव्हा माझ्या ओळखीतल्या प्रत्येकाच्या स्टेटसला 'शक्ती' होतं, आणि ते व्हायलाच हवं होतं. पण त्या आठवड्यात मी ऐकत होते तो हा अल्बम, ज्यात झाकीरभाई नाहीत. त्यांच्याच वर्षी, १९५१मध्ये, त्यांच्याच शहरात जन्मलेला दुसरा तबलावाला आहे. (रॉयल फेस्टिव्हल हॉलही १९५१चाच. योगायोग आहे, त्यातून काही निघत नाही. पण मला तो आवडतो.)

आता त्रिलोक बसतो कसा ते सांगते, कारण माझ्यासाठी या अल्बमचा अर्धा जीव त्यात आहे.

ड्रमर स्टूलवर बसतो. उजवा पाय बास ड्रमच्या पेडलवर, डावा हाय-हॅटवर, हातात काठ्या. तबलजी मांडी घालतो, पाय कामातून बाद, सगळं काम बोटांचं आणि तळव्याचं. त्रिलोक यांपैकी काहीच करत नाही. तो जमिनीवर अर्धवट गुडघ्यावर बसतो. समोर तबला-डग्गा, आजूबाजूला टॉम, स्नेअर, झांजा, घंटा, शिंपल्यांच्या माळा. स्टूल नाही, पायाने ठोकत राहायचा नेहमीचा बास ड्रम नाही. एका हातात काठी आणि दुसऱ्या हाताची बोटं तबल्यावर, असं एकाच मात्रेत चालू असतं. आणि शेजारी पाण्याने भरलेली बादली. हो, बादली. तिच्याकडे येते नंतर.

मी बेळगावची. टिळकवाडीतल्या एका क्लासात आठ वर्षं तबला शिकले. त्या क्लासात मुली दोनच, बाकीच्या शेजारच्या खोलीत हार्मोनियमपुढे. मग पुण्याला इंजिनीअरिंगला आले आणि कॉलेजच्या बँडला ड्रमर हवा होता म्हणून किटवर बसले. सुट्टीत घरी गेल्यावर सरांना भेटायला गेले, तर त्यांनी माझे हात हातात घेऊन बघितले आणि म्हणाले, "काठी धरलीस. आता हात गेला." पुण्यात उलटं. बँडमधल्या एका सीनियरचं ठाम मत होतं की क्लासिकल शिकलेल्यांना ग्रूव्ह कळत नाही, ते सारखे समेवर यायला धडपडतात. दोन्हीकडे मी थोडी बाहेरचीच. त्यावर मी काढलेला उपाय म्हणजे किटच्या डावीकडे स्टँडवर तबला-डग्गा ठेवायचा. फ्यूजन बँडमध्ये बरेच जण करतात. फोटोत छान दिसतं.

वाजवायला मात्र ते विचित्र आहे, आणि का ते तबला वाजवणाऱ्यांना लगेच कळेल. डग्ग्याची मींड, तो घुमारा वरखाली करणं, हे मनगटाच्या टाचेने होतं आणि त्या टाचेवर वरून खांद्याचं वजन यावं लागतं. मांडी घातली की खांदा आपोआप डग्ग्याच्या वर येतो. स्टूलवर बसून कमरेच्या उंचीला ठेवलेला डग्गा वाजवताना खांदा मागे राहतो, वजन पोचत नाही, आणि 'धा'चा 'घे' पोकळ निघतो. मी दोन वर्षं स्टँडची उंची वरखाली करत बसले. स्टूल उंच केलं तर पेडलवरचा पाय लटकायचा. स्टूल खाली घेतलं तर झांजेला हात पोचायचा नाही.

म्हणून आमच्या बासिस्टने या अल्बमची फाइल पाठवली आणि नंतर मी त्रिलोकचे त्या काळातले व्हिडिओ शोधून बघितले, तेव्हा मला पहिल्यांदा संगीत ऐकू आलंच नाही. मी फक्त त्याचा गुडघा बघत होते. अर्धवट गुडघ्यावर बसलं की धड डग्ग्याच्या वर येतं, आणि मांडी नसल्यामुळे कंबर मोकळी राहते, झांजेपर्यंत उठता येतं. इतकं साधं. यात पूर्व-पश्चिम मिलन वगैरे काही नाही, सुताराने पाटाची उंची ठरवावी तसा हा निर्णय आहे. पण त्या निर्णयाची किंमत आहे: पेडल गेलं. आणि पेडल जाणं म्हणजे ड्रम सेटचा पायाच जाणं.

ती किंमत कोण भरतो, ते ऐकायचं असेल तर काई एकहार्टकडे लक्ष द्या.

एरवी बँडमध्ये बास गिटार आणि बास ड्रम एकमेकांना चिकटून चालतात, त्यालाच आम्ही 'लॉक होणं' म्हणतो. इथे खाली ठोका देणारा पाय नाही, म्हणजे जमीन तयार करायचं सगळं काम बासवर. आणि एकहार्ट जमीनही तयार करतो, तिच्यावर नाचतोही. तेव्हा तो २८ वर्षांचा होता. आई जर्मन, वडील लायबेरियाचे, शिक्षण बॉस्टनच्या बर्कलीमध्ये. जन्म १९६१चा, म्हणजे ज्या वर्षी बर्लिनची भिंत उभी राहिली त्या वर्षीचा. ही मैफल झाली तेव्हा ती भिंत पडून जेमतेम १८ दिवस झाले होते. गंमत म्हणजे अल्बममधल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या ट्रॅकच्या रचना मुळात महाविष्णूच्या १९८७च्या 'अ‍ॅडव्हेंचर्स इन रेडिओलँड'मधल्या आहेत, आणि त्याच अल्बमवर 'द वॉल विल फॉल' नावाचीही एक रचना होती. ती या अल्बमवर नाही. गरज संपली होती म्हणायचं.

त्या १९८७च्या अल्बममध्ये कीबोर्ड आहेत, सॅक्सोफोन आहे, पूर्ण ड्रम किट आहे. त्या दशकाचा चकचकीतपणा आहे. मला तो फारसा सहन होत नाही. त्याच रचना इथे तिघंजण वाजवतात तेव्हा कपडे उतरवून मोकळ्या हवेत आल्यासारख्या वाटतात. 'फ्लोरिआनापोलिस' घ्या. ब्राझीलमधल्या शहराचं नाव, पंधराएक मिनिटांचा ट्रॅक. मॅकलॉफ्लिनच्या हातात इथे नायलॉन तारांची अकूस्टिक गिटार आहे, तिला सिंथेसायझर जोडलेला. त्या सिंथचे आवाज आज थोडे जुने वाटतात हे मान्य करून टाकू. १९८९चा सिंथ १९८९मध्येच राहतो. पण तो अधूनमधून येतो आणि जातो, आणि उरते ती लाकडाची, नखाची, तारेची गिटार. तिघांच्या मध्ये एवढी रिकामी जागा असते की कोण काय करतंय ते सगळं दिसतं. लपायला कुणाच्या मागे जागा नाही.

सुरुवात मात्र 'ब्लू इन ग्रीन'ने होते. माइल्स डेव्हिसच्या १९५९च्या 'काइंड ऑफ ब्लू'मधली रचना. इतक्या मोठ्या सभागृहात, लाइव्ह मैफलीच्या अल्बमची सुरुवात इतक्या हळू आवाजात करायला छाती लागते. फोनच्या स्पीकरवर हा ट्रॅक लावू नका, अर्धा गायब होईल. झांजेला काठीचा नुसता स्पर्श होतो, ती शेवटची शेपटी ऐकू यायला हवी. इअरफोन लागतीलच.

आता बादली. घंटा किंवा झांज वाजवली आणि कंप पावत असतानाच पाण्यात उतरवली की तिचा स्वर खाली घसरत जातो. पाण्याचा भार धातूला चिकटतो, तो जड होतो, कंपनं मंदावतात. बाहेर काढली की स्वर परत वर चढतो. म्हणजे ज्या वाद्याला एकच ठरलेला आवाज आहे, त्यातून मींड निघते. शिंपल्यांची माळ पाण्यात बुडवून काढली की वेगळाच सळसळता, गळता आवाज. पाश्चात्त्य प्रयोगशील संगीतात पाण्यातली घंटा याआधीही आलेली होती. पण त्रिलोक ती चमत्कार म्हणून वापरतो असं मला वाटत नाही. डग्ग्यावर तळवा घासून तबलजी जे करतो तेच तो धातूला करायला लावतो. ज्याला डग्ग्याची सवय आहे त्याला न हलणारा स्वर सहनच होत नाही. झांजेने नुसतं 'छन्न' म्हणून गप्प बसावं हे त्याच्या कानाला पटत नाही.

हा कान आला कुठून, हे सांगायला बेळगावला परत यावं लागतं.

त्रिलोक हा शोभा गुर्टूंचा मुलगा. शोभाताई मूळच्या भानुमती शिरोडकर, जन्म १९२५चा, बेळगावचा. त्यांच्या आई मेनकाबाई शिरोडकर अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या. शोभाताईंचं सुरुवातीचं शिक्षण अल्लादिया खाँच्या धाकट्या मुलाकडे, भूर्जी खाँकडे. पुढे ठुमरी-दादऱ्याची तालीम घम्मन खाँकडे. लग्नानंतर ज्या घरात गेल्या तिथले सासरे, नारायणनाथ गुर्टू, पोलीस खात्यातले अधिकारी आणि सतार वाजवणारे. 'पाकीझा'साठी त्या गायल्या, 'मैं तुलसी तेरे आंगन की'साठी गायल्या, मराठीत 'सामना'साठी गायल्या. २००२मध्ये पद्मभूषण मिळालं, २००४मध्ये त्या गेल्या. आमच्या गावात अजूनही त्यांचं नाव 'आपल्या' म्हणून घेतलं जातं. त्रिलोकचं नाव मात्र मी आठ वर्षांच्या तबल्याच्या क्लासात एकदाही ऐकलं नाही. आई एका कपाटात, मुलगा दुसऱ्या कपाटात. एकीवर 'उपशास्त्रीय' अशी चिठ्ठी, दुसऱ्यावर 'फ्यूजन', आणि चिठ्ठी बघूनच आपण दार उघडतो.

ठुमरीत एक जागा असते, ती ज्यांनी मैफल ऐकली आहे त्यांना ठाऊक असेल. गाणारी एकाच ओळीतल्या शब्दांना वेगवेगळे रंग देत असते, आर्जव, रुसवा, टोमणा, आणि तबलजी शांतपणे ठेका धरून असतो. मग शेवटाकडे ती मुखड्यावर स्थिरावते आणि तबल्याला सोडते. ही लग्गी. इतका वेळ दाबून ठेवलेला तबला एकदम दुगुनीत उधळतो, बोटं सैल, खेळकर, थोडी उनाड. आणि मग तिहाई घेऊन परत समेवर, परत गाणारीच्या सेवेत. ज्या घरात ठुमरी आहे तिथल्या मुलाने लग्गी किती वेळा ऐकली असेल! अल्बमवरच्या लांब ट्रॅकमध्ये त्रिलोक एकटा सुटतो, तेव्हा मला ती पाश्चात्त्य अर्थाची 'ड्रम सोलो' वाटत नाही. ती रागात नसते. ती सोडलेल्या तबल्याची खुशी असते.

या सोलोंमध्ये तो तोंडाने बोलही म्हणतो. दक्षिणेत त्याला कोन्नक्कोल म्हणतात, आपल्याकडे पढंत. तबला शिकणाऱ्या प्रत्येकाची सुरुवात यातून होते. हात लावायच्या आधी टाळी देत म्हणायचं: धा तिरकिट, धा धा तिरकिट. सर म्हणायचे, जे तोंडातून येत नाही ते हातातून येणार नाही. क्लासात मला त्याचा कंटाळा यायचा. लंडनच्या त्या प्रेक्षकांना 'तिरकिट' म्हणजे काय हे कळायचं काहीच कारण नव्हतं. पण ते लोक हसतात, टाळ्या वाजवतात, दाद देतात. ऐकताना लक्षात येतं की त्यांना ते बडबडगीतासारखं पोचतंय. भाषा शिकण्याच्या आधी बाळ जे करतं ते.

त्यातल्या सर्वांत लांब ट्रॅकचं नाव आहे 'मदर टंग्ज'. रचना मॅकलॉफ्लिनची, अठराएक मिनिटं. मातृभाषा, पण अनेकवचनात. तिघांच्या तीन. मॅकलॉफ्लिन यॉर्कशायरमधल्या डॉनकास्टरचा, आणि त्याच्याही घरात संगीत आईकडून आलं. ती व्हायोलिन वाजवायची. एकहार्टची आई जर्मन. त्रिलोकची आई शोभा गुर्टू. नावाला एवढा आधार आहे म्हणून मी त्यावर फार इमारत चढवत नाही. पण ट्रॅक ऐकताना एक गोष्ट स्पष्ट कळते: लयीच्या बोलांवर इथे त्रिलोकची एकट्याची मालकी नाही. मॅकलॉफ्लिन स्वतः अमेरिकेत वेस्लियन विद्यापीठात डॉ. एस. रामनाथन यांच्याकडे वीणा शिकला होता, आणि 'शक्ती'त त्याने ती गणितं स्टेजवर जगली होती. पुढे सेल्वगणेशबरोबर त्याने कोन्नक्कोल शिकवणारा व्हिडिओही काढला. म्हणून त्याची गिटार मध्येच तिहाईच्या वळणावर जाते तेव्हा ती पाहुण्यासारखी दारात उभी राहत नाही. आत येते, स्वयंपाकघरात जाते, स्वतःच्या हाताने पाणी घेते.

आणि त्रिलोककडून उलट दिशेने तेच. त्याने पाश्चात्त्य संगीत कसं शिकलं याची त्याने सांगितलेली एक गोष्ट मला फार आवडते. मुंबईत रेकॉर्ड ऐकताना त्याला ओव्हरडबिंग हा प्रकार माहीतच नव्हता. एकाच माणसाने स्टुडिओत थरावर थर चढवून वाजवलेलं, किंवा अनेकांनी वेगवेगळं वाजवून जोडलेलं, त्याला वाटायचं हे सगळं एका दमात वाजतंय. मग तो ते सगळे भाग एकट्याने वाजवायचा प्रयत्न करायचा. आज फोनवरच्या अ‍ॅपमध्ये सोळा ट्रॅक उघडून बसणाऱ्या आपल्यासारख्यांना हे ऐकून हसू येईल. पण या अल्बमवर एका माणसाकडून जेवढे आवाज एका वेळी येतात ते ऐका, आणि मग त्या मुंबईच्या मुलाला हसून दाखवा.

मॅकलॉफ्लिनकडे पोचण्याआधी तो बराच फिरला होता. सत्तरच्या दशकात युरोपात डॉन चेरी, चार्ली मारियानो यांच्याबरोबर. पुढे जर्मनीत हॅम्बुर्गला मुक्काम. 'ओरेगॉन' या अमेरिकी चौकडीतला कॉलिन वॉल्कॉट १९८४मध्ये पूर्व जर्मनीत दौऱ्यावर असताना अपघातात गेला. वॉल्कॉट म्हणजे अल्लारखाँकडे तबला आणि रविशंकरांकडे सतार शिकलेला अमेरिकन. त्याच्या जागेवर पुढे त्रिलोक आला. मांडी घालून तबला वाजवणाऱ्या अमेरिकनाच्या जागी गुडघ्यावर बसून झांजा वाजवणारा मुंबईकर! कोण इकडचा आणि कोण तिकडचा हे ठरवणाऱ्यांनी जरा पाणी प्यावं.

१९८८मध्ये, म्हणजे या मैफलीच्या वर्षभर आधी, त्रिलोकचा पहिला स्वतःचा अल्बम आला, 'उसफ्रेट'. त्यात डॉन चेरीचा ट्रम्पेट आहे, राल्फ टाउनर आहे, एल. शंकर आहे. आणि शोभाताई आहेत. गातात. त्याआधीही, १९७७मध्ये 'एम्ब्रियो' नावाच्या जर्मन बँडच्या 'आपो-कॅलिप्सो' अल्बमवर दोघं मायलेक होते. शोभाताईंच्या कीर्तीवर लिहिताना ही गोष्ट आपल्याकडे कुणी सांगत नाही.

मी 'उसफ्रेट' दिवाळीत घरी लावला होता, किचनमध्ये, छोट्या ब्लूटूथ स्पीकरवर. आई भजनी मंडळात गाते, तिचा कान पक्का आहे आणि मतं त्याहून पक्की. माझ्या ड्रम्सवर तिचं एकच मत: "भांडी घासायला लावली की येत नाहीस, तिथं मात्र बडवतेस." ती चकल्या पाडत होती. पहिला आलाप आला आणि तिचा हात थांबला.

"ह्या शोभाताई की गं!"

"हो."

"आणि मागं हे काय चाललंय?"

"त्यांचा मुलगा आहे."

ती थोडा वेळ ऐकत राहिली. मी वाट बघत होते की आता 'बंद कर' येईल. भजनाला साथ करणाऱ्या तबलजींबद्दल ती फार कडक आहे. मध्ये मध्ये करणारा तबलजी तिला खपत नाही. मग ती म्हणाली, "गाऊ देतोय की तिला," आणि पुन्हा सोऱ्या फिरवायला लागली.

साथीबद्दल यापेक्षा नेमकं मी कुठल्या रिव्ह्यूमध्ये वाचलेलं नाही. आणि हेच रॉयल फेस्टिव्हल हॉलवर लागू पडतं. इतकी वाद्यं आजूबाजूला मांडून बसलेला माणूस, तरी तो दोघांना गाऊ देतो. एकहार्टची सोलो चालू असताना त्रिलोक काय करतो ते वेगळं ऐका. जवळजवळ काही नाही. एखादी शिंपल्यांची सळसळ, डग्ग्याचा एक दबका हुंकार, आणि थांबणं. नंतर कधी तरी एकच झांज, बरोबर तिथे, जिथे एकहार्टने श्वास घेतला.

चौथा ट्रॅक 'पाशाज लव्ह' त्रिलोकची स्वतःची रचना आहे, आणि तो माझा सर्वांत लाडका आहे, हे थोडं पक्षपाती वाटेल. तालवाद्यवाल्याने रचलेलं म्हणजे गणिताचा पेपर असणार अशी सगळ्यांची अपेक्षा असते. इथे आधी सूर आहे. ठुमरीच्या घरातलाच माणूस असं रचू शकतो असं मी म्हणते, आमचा बासिस्ट म्हणतो मी उगाच काहीही जोडते. असेल.

हा ट्रिओ फार टिकला नाही. १९९२मध्ये 'के अलेग्रिया' नावाचा स्टुडिओ अल्बम आला, त्यात बहुतेक बास डॉमिनिक दि पियाझ्झाचा आहे. मग मॅकलॉफ्लिन हॅमंड ऑर्गन घेऊन दुसऱ्याच वाटेने गेला. 'मदर टंग्ज' त्याने पुढेही इतर बँडबरोबर वाजवलं. पॅरिसमधल्या मैफलीचं एक रेकॉर्डिंग आहे, त्यात स्टूलवर बसलेला, पेडलवाला, जबरदस्त ड्रमर आहे. वेग जास्त, ताकद जास्त. मी ते दोनदा ऐकलं आणि परत लंडनला आले. एकहार्टने पुढे 'गराज महाल' नावाचा बँड काढला, या नावासाठी त्याला शंभर गुन्हे माफ. त्रिलोकने स्वतःचे बँड बांधले. १९९३च्या 'क्रेझी सेंट्स'वर पॅट मेथिनी आणि जो झाविनुल आहेत, आणि पुन्हा शोभाताई आहेत. डाउनबीट मासिकाच्या समीक्षकांनी त्याला अनेकदा वर्षातला सर्वोत्तम तालवादक ठरवलं. आपल्याकडे विचारलं तर लोक म्हणतात, गुर्टू? शोभा गुर्टूंचे कोण?

गेल्या पावसाळ्यात मी स्टूल विकलं. पेडल अजून आहे, पण पिशवीत. जमिनीवर जुनी सतरंजी, तिच्यावर योगा मॅटची दुहेरी घडी गुडघ्याखाली, डग्गा मधोमध, टॉमचे पाय कापून बुटके केलेले. पहिले तीन आठवडे गुडघा इतका दुखायचा की जिना उतरताना कठडा धरावा लागायचा. आता वीस मिनिटं सलग बसू शकते. 'घे' पोकळ निघत नाही. झांजेला हात पोचतो. बादली मात्र ठेवलेली नाही, आमच्या रिहर्सलच्या खोलीत प्लगचा बोर्ड जमिनीलगत आहे.

बासिस्ट वैतागला आहे. म्हणतो, पेडलच नाही तर मी लॉक कुणाशी होऊ? ज्याने मला हा अल्बम दिला त्यानेच हे विचारावं! मी त्याला 'फ्लोरिआनापोलिस' परत पाठवलं आणि खाली लिहिलं, या वेळी फक्त एकहार्ट ऐक. निळ्या टिका आल्यात. उत्तर नाही आलं, पण शनिवारच्या रिहर्सलला तो अर्धा तास लवकर येऊन एकटाच काहीतरी बसवत होता.